विहिरीला काय विचारावें?

पेट्रोल पंपावर मोटारी येतात, पेट्रोल भरून घेतात आणि निघून जातात. पंपाचें यंत्र, त्यावरील फिरते आंकडे, नोकराच्या हातांतील नळी हें सारें सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु ज्या टांक्यांतून तें पेट्रोल वर येतें त्या टांक्या कोणाच्याच दृष्टीस पडत नाहींत. आगीचें भय टाळण्यासाठीं त्या जमिनींत पुरलेल्या असतात. ही योजना शहाणपणाची खरी. पण तिच्यांत एक उणीव आहे. घरांतील माठ पाझरूं लागला तर फरशी ओली होते आणि गृहिणीच्या तें ताबडतोब लक्षांत येतें. जमिनींतील टांकी पाझरूं लागली तर वरची फरशी कोरडीच राहते. जें ओलें होतें तें खालीं, जेथें कोणी पाहत नाहीं तेथें. आणि त्याच्याहि खालीं पुष्कळ ठिकाणीं लोकांचें पिण्याचें पाणी असतें.

ही भीति केवळ कल्पनेंतील नव्हे. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, लॉस एंजलिस शहराला लागून, सँटा मोनिका नांवाचें नगर आहे. त्याच्या पाणीपुरवठ्याचा मोठा भाग भूगर्भांतील पाण्यावर अवलंबून होता. १९९५ सालीं तेथील चार्नॉक नांवाच्या विहिरींच्या समूहांत पेट्रोलमधील एक द्रव्य आढळलें. त्याचें प्रमाण झपाट्यानें वाढत गेलें आणि १९९६ च्या जूनपर्यंत त्या समूहांतील सर्व विहिरी बंद कराव्या लागल्या. आर्केडिया नांवाच्या दुसऱ्या समूहाचीहि त्याच वर्षीं तीच गत झाली. नगराचा सुमारें निम्मा पाणीपुरवठा गेला आणि तेवढें पाणी बाहेरून विकत घेण्याची पाळी आली. चार्नॉकच्या आसपास पेट्रोलच्या टांक्यांचीं दोन डझनांहून अधिक ठिकाणें होतीं व दोन तेलवाहिन्याहि होत्या. जमिनीखालचें पाणी तपासण्याची विद्या त्या वेळीं चांगली प्रगत झालेली होती. असें असतां ही वार्ता इतक्या उशिरां कां कळली? या प्रश्नाचें उत्तर मोठें बोधप्रद आहे. परंतु तें समजण्यासाठीं ही तपासणी कशी करतात हें प्रथम पाहिलें पाहिजे.

टांकीला भोंक पडलें कीं पेट्रोल सरळ खालीं जाऊं लागतें. वाटेंतील मातीच्या कणांना तें थोडें थोडें चिकटून राहतें, कांहींची वाफ होते, आणि गळती पुरेशी असेल तर उरलेलें पेट्रोल भूजलाच्या पातळीपर्यंत पोंचतें. जमिनींत एका ठराविक खोलीनंतर मातीच्या कणांमधील साऱ्या पोकळ्या पाण्यानें भरलेल्या असतात. त्या भरलेल्या थराच्या माथ्याला भूजलाची पातळी म्हणतात. एक लिटर पाण्याचें वजन एक किलोग्रॅम, तर तितक्याच पेट्रोलचें सुमारें पाऊण किलोग्रॅम. म्हणून आमटीवर तेलाचा तवंग यावा तसें पेट्रोल पाण्याच्या माथ्यावर पसरतें. पावसाळ्यांत ही पातळी चढते, उन्हाळ्यांत उतरते. तिच्याबरोबर तवंगहि वरखालीं होतो आणि मधल्या साऱ्या मातीला पेट्रोल माखून ठेवतो. टांकी बदलल्यावरहि ही माखलेली माती वर्षानुवर्षें पाण्याला विष पुरवीत राहते.

तवंग निदान डोळ्यांना दिसतो व नाकाला कळतो. खरा घातक भाग न दिसणारा आहे. पेट्रोल हें एक द्रव्य नसून शेंकडों द्रव्यांचें मिश्रण आहे. त्यांपैकीं बेन्झीन, टोल्यूईन, एथिलबेन्झीन आणि झायलीन हीं चार थोड्या प्रमाणांत पाण्यांत विरघळतात व पाण्याबरोबर चालूं लागतात. बेन्झीनमुळें रक्ताचा कर्करोग होऊं शकतो हें सिद्ध झालेलें आहे. म्हणून पिण्याच्या पाण्यांत त्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनें लिटरमागें १० मायक्रोग्रॅम व अमेरिकेनें ५ मायक्रोग्रॅम अशी ठरविली आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लक्षावा भाग. हजार लिटर पाण्याच्या टांकींत ५ मिलिग्रॅम, म्हणजे बेन्झीनच्या एका थेंबाचा साधारण नववा हिस्सा, एवढें मिसळलें कीं ही ५ ची मर्यादा गांठली जाते. इतक्या अल्प प्रमाणाला ना वास येतो, ना रुचि. वास नाहीं म्हणून पाणी चांगलें, हा घरगुती न्याय येथें उपयोगी पडत नाहीं.

मग पिण्याच्याच विहिरीचें पाणी वरचेवर तपासावें म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. परंतु पिण्याच्या विहिरींत दोष दिसला म्हणजे चोर घरांत शिरल्यानंतर कुत्रा भुंकल्यासारखें होतें. शिवाय जोरानें उपसली जाणारी विहीर चहूंकडचें पाणी आपल्याकडे ओढते. त्या मिश्रणांत दूषित धार पातळ होऊन जाते आणि ती कोणत्या दिशेनें आली हें समजत नाहीं. यासाठीं टांक्यांच्या आसपास वेगळ्या, बारीक विहिरी खणतात. त्यांचें पाणी कोणी पीत नाहीं. त्या केवळ विचारपूस करण्यासाठीं असतात. त्यांना निरीक्षण-विहिरी म्हणतात.

निरीक्षण-विहीर म्हणजे दिसायला एक सामान्य बोअर. जमिनींत भोंक पाडून त्यांत बहुधा पांच सेंटिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची नळी उतरवितात. नळीचे तुकडे आट्यांनीं जोडतात. डिंकासारखें रसायन वापरीत नाहींत, कारण त्या रसायनाचा अंश पाण्यांत उतरला तर तपासणीच खोटी ठरावयाची. नळीच्या खालच्या भागाला पाव मिलिमीटर इतक्या अरुंद चिरा असतात. त्या भागाभोंवतीं स्वच्छ रेती भरतात, म्हणजे पाणी आंत येतें पण गाळ बाहेर राहतो. रेतीच्या वर बेंटोनाइट नांवाची चिकणमाती घालतात. ही माती पाण्यानें फुगून घट्ट बूच बसावें तशी बसते. तिच्यावर सिमेंट, आणि सर्वांत वर कुलुपाचें झांकण. हें बूच नीट बसलें नाहीं तर पंपाच्या आवारांत सांडलेलें पेट्रोल पावसाच्या पाण्याबरोबर नळीच्या कडेनें खालीं उतरेल, आणि प्रदूषण शोधण्यासाठीं खणलेली विहीरच प्रदूषणाची वाट होऊन बसेल.

चिरांचा भाग कोणत्या खोलीवर ठेवावयाचा, याला फार महत्त्व आहे. तवंग पाण्याच्या माथ्यावर असतो. म्हणून चिरा पातळीच्या थोड्या वर व थोड्या खालीं अशा पसरलेल्या पाहिजेत, आणि उन्हाळा-पावसाळ्याचा चढउतार त्यांत सामावला पाहिजे. चिरा पूर्णपणें पाण्याखालीं गेल्या तर तवंगाला आंत येण्याची वाटच राहत नाहीं. मग बाहेर चार बोटें पेट्रोल तरंगत असलें तरी विहीर आंतून स्वच्छ दिसते. विहीर खोटें बोलत नाहीं. तिला जें दिसूं दिलें तेवढेंच ती सांगते.

आतां अशा विहिरी किती हव्यात? भूजल स्थिर नसतें. तें उंच पातळीकडून सखल पातळीकडे सावकाश चालत असतें. दूषित द्रव्यें त्याच्याबरोबर वाहतात. म्हणून पहिला प्रश्न पाणी कोठें चाललें आहे हा. आणि त्याचें उत्तर मिळण्यास निदान तीन विहिरी लागतात, त्याहि एका रेषेंत नसलेल्या. शाळेंतील भूमितीच्या वहींत करतां येईल असा हा हिशेब आहे.

समजा, अ, ब आणि क अशा तीन विहिरी आहेत. नळीच्या तोंडापासून पाण्यापर्यंतची खोली अ मध्यें ६.५०, ब मध्यें ६.०० आणि क मध्यें ६.८० मीटर भरली. घाईनें पाहणारा म्हणेल कीं, क चें पाणी सर्वांत खोल. म्हणजे ओघ क कडे. पण जमीन सपाट नसते. एका ठराविक खुणेपासून मोजलेली नळ्यांच्या तोंडांची उंची अनुक्रमें ५६.९०, ५६.१० आणि ५७.०० मीटर आहे. तींतून खोली वजा केली म्हणजे पाण्याची खरी पातळी अ मध्यें ५०.४०, ब मध्यें ५०.१० आणि क मध्यें ५०.२० निघते. तेव्हां सर्वांत सखल पाणी क चें नसून ब चें आहे. अ आणि ब यांत ३० मीटर अंतर असेल तर तेवढ्यांत पातळी ३० सेंटिमीटर उतरते, म्हणजे दर मीटरला एक सेंटिमीटर. अर्थात् अ पासून ब च्या दिशेनें २० मीटरवर पातळी ५०.२० असली पाहिजे, म्हणजे क इतकीच. तो बिंदु आणि क यांना जोडणारी रेषा ही समान पातळीची रेषा झाली. तिला काटकोनांत, सखल बाजूकडे जी दिशा निघते, ती पाण्याच्या ओघाची दिशा. म्हणून नळ्यांच्या तोंडांची उंची मिलिमीटरांपर्यंत काटेकोर मोजतात. तेथें चार बोटांची चूक झाली तर ओघाची दिशाच पालटते आणि गुन्हेगार सोडून शेजाऱ्यावर आळ येतो.

दिशा कळली कीं विहिरींच्या जागा ठरतात. एक विहीर टांक्यांच्या वरच्या अंगाला, जेथून पाणी येतें तेथें. तिच्यांतहि दोष असेल तर तो दुसरीकडून आलेला आहे हें समजतें. बाकीच्या खालच्या अंगाला, एक जवळ, एक दूर, एकदोन बाजूंना. आणि दूषित पट्ट्याच्या पुढें एक पहारेकरी, जिच्यांत आज कांहीं नाहीं व उद्यां कांहीं दिसूं नये अशी अपेक्षा असते.

नमुना घेणें ही त्याहून नाजूक गोष्ट आहे. प्रथम सर्व विहिरींतील पातळी मोजतात. त्यासाठीं एक विजेची फीत असते; ती तेलाला व पाण्याला लागतांच निरनिराळा आवाज देते, त्यामुळें तवंगाची जाडीहि कळते. नंतर नळींत साचून राहिलेलें शिळें पाणी काढून टाकतात, कारण हवा लागून त्यांतील बेन्झीन उडून गेलेलें असतें. जुनी रीत अशी कीं नळींतील पाण्याच्या तिप्पट पाणी उपसावें. पांच सेंटिमीटरच्या नळींत तीन मीटर पाणी असेल तर तें सुमारें सहा लिटर भरतें. म्हणजे अठरा लिटर काढावयाचें. नवी रीत याहून सौम्य आहे. मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून कमी अशा मंद धारेनें पाणी काढीत राहतात आणि त्याचें तपमान, आम्लता, विद्युद्वाहकता व त्यांतील प्राणवायु स्थिर झाला कीं भूगर्भांतील ताजें पाणी येऊं लागलें असें समजतात.

बाटल्या अवघ्या ४० मिलिलिटरच्या, कांचेच्या असतात. त्या कांठोकांठ भरतात आणि उलट्या करून बोटानें टिचकी मारून पाहतात. आंत हवेचा एक बुडबुडाहि राहतां कामा नये, कारण बेन्झीन त्या बुडबुड्यांत पळून जातें. जंतूंनीं तें खाऊन टाकूं नये म्हणून बाटलींत थोडें आम्ल घातलेलें असतें. बाटल्या बर्फांत ठेवून चौदा दिवसांच्या आंत तपासावयाच्या असतात. आधीं सर्वांत स्वच्छ विहीर, शेवटीं सर्वांत दूषित, असा क्रम पाळतात, नाहींतर एकीचा दोष हत्यारांबरोबर दुसरींत जातो. शिवाय प्रयोगशाळेंतून निघतांना शुद्ध पाण्याची एक बंद बाटली बरोबर देतात. ती न उघडतां साऱ्या प्रवासांत नमुन्यांच्या शेजारीं राहते व शेवटीं त्यांच्याबरोबरच तपासली जाते. तिच्यांत बेन्झीन निघालें तर दोष विहिरीचा नसून वाटेंतला असण्याचा संभव असतो. दुसऱ्यावर आरोप करण्यापूर्वीं आपलेच हात तपासण्याची ही पद्धति शास्त्राबाहेरहि अनुकरण करण्याजोगी आहे.

प्रयोगशाळेंत नमुन्यांतून निरुपद्रवी वायूचे बुडबुडे सोडतात. त्यांबरोबर उडणारीं द्रव्यें बाहेर येतात, तीं एका सांपळ्यांत पकडतात, तापवितात आणि केसासारख्या बारीक पोकळीच्या लांब नळींतून सोडतात. कांहीं द्रव्यें लवकर बाहेर पडतात, कांहीं रेंगाळतात. अशा रीतीनें मिश्रण वेगळें होतें. पुढें दुसरें यंत्र प्रत्येकाचे कण फोडून त्यांच्या वजनावरून द्रव्य ओळखतें. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. कोणतीं द्रव्यें मोजावयाचीं याची यादी आधीं ठरलेली असते आणि यंत्राची जुळणी त्या यादीप्रमाणें केलेली असते. अहवालांत जीं नांवें येतात तीं यादींतलींच.

सँटा मोनिकाच्या कोड्याचें उत्तर या यादींत दडलेलें आहे. अमेरिकेंत १९७९ पासून पेट्रोलमध्यें शिशाच्या ऐवजीं मिथिल टर्शरी ब्यूटिल ईथर, संक्षेपानें एम्. टी. बी. ई., नांवाचें द्रव्य मिसळूं लागले होते. १९९० च्या हवाशुद्धीच्या कायद्यानंतर त्याचा वापर फारच वाढला; कांहीं पेट्रोलांत तें आकारमानानें ११ टक्के, तर हिवाळ्यांत कांहीं ठिकाणीं १५ टक्क्यांपर्यंत असे. हेतु चांगला होता: इंजिनांत पेट्रोल पुरतें जळावें व शहरांची हवा सुधारावी. पण हें द्रव्य बेन्झीनच्या सुमारें पंचवीसपट अधिक विरघळतें, मातीला फारसें चिकटत नाहीं, आणि जमिनींतील जंतु बेन्झीन जितक्या सहज खातात तितक्या सहज तें खात नाहींत. त्यामुळें तें पाण्याच्या जवळजवळ बरोबरीनें पुढें धांवतें. पंपांच्या आवारांतील निरीक्षण-विहिरी मात्र बहुतेक ठिकाणीं बेन्झीन व त्याच्या तिघां सोबत्यांसाठींच तपासल्या जात होत्या. त्या यादीप्रमाणें उत्तरें बरोबर होतीं. दूषित पट्टा जेथें बेन्झीन संपलें तेथें संपल्यासारखा दिसे. यादींत नसलेलें द्रव्य मात्र ती सीमा ओलांडून केव्हांच पुढें गेलें होतें.

अमेरिकेच्या भूगर्भ-सर्वेक्षण खात्यानें १९९३ आणि १९९४ सालीं शहरी भागांतील उथळ भूजल तपासलें, तेव्हां त्यानें आपल्या यादींत एम्. टी. बी. ई. घातलें होतें. उडणाऱ्या साठ द्रव्यांत तें आढळण्याच्या वारंवारतेंत दुसरें निघालें. शोधावयास घेतांच सांपडलें, असा हा प्रकार होता. चार्नॉक येथें ही बातमी पिण्याच्या विहिरींनींच द्यावी लागली. तेथें त्याचें प्रमाण लिटरमागें ६०० मायक्रोग्रॅमच्याहि वर गेलें. पुढें कॅलिफोर्निया राज्यानें आरोग्याच्या दृष्टीनें जी मर्यादा घातली ती १३ मायक्रोग्रॅमची, आणि रुचीच्या दृष्टीनें ५ ची. १९९९ सालीं त्या राज्याच्या गव्हर्नरांनीं हें द्रव्य पेट्रोलमधून काढून टाकण्याचा हुकूम दिला व २००३ च्या अखेरीस तें बंद झालें. त्याच वर्षीं तेल-कंपन्यांशीं समझोता होऊन शुद्धीकरणाच्या खर्चाची सोय लागली. तरी चार्नॉकचें पाणी शुद्ध करून पुन्हां नगराला मिळूं लागण्यास चौदा वर्षांहून अधिक काळ लोटला. जें मिसळण्यास निर्णयाची एक सही पुरली, तें वेगळें करण्यास एका पिढीचें बालपण खर्चीं पडलें.

ही गोष्ट एकाच द्रव्यापुरती नाहीं. शिसें घातलेल्या पेट्रोलच्या काळांत त्याबरोबर एथिलीन डायब्रोमाइड मिसळीत असत. तें जुन्या गळतींच्या ठिकाणीं भूजलांत दीर्घकाळ टिकून राहतें, आणि अमेरिकेंत त्याची पाण्यांतील मर्यादा बेन्झीनच्या शतांश आहे. उलट इथेनॉल अनेक ठिकाणीं एम्. टी. बी. ई. च्या जागीं आलें. भारतांतहि २०२५ सालीं पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गांठला गेला. इथेनॉल स्वतः निरुपद्रवी वाटतें व जंतु तें आवडीनें खातात. पण तें खातांना पाण्यांतील प्राणवायु संपवून टाकतात, त्यामुळें बेन्झीनचा नाश लांबतो व त्याचा पट्टा अधिक दूर जाऊं शकतो. पेट्रोल बदललें कीं विहिरीला विचारावयाचे प्रश्नहि बदलले पाहिजेत.

महाराष्ट्राच्या बाबतींत आणखी एक विशेष आहे. वर सांगितलेला तीन विहिरींचा हिशेब रेतीच्या सलग थरांत उत्तम जुळतो. दख्खनच्या काळ्या पाषाणांत पाणी सलग थरांतून न वाहतां झिजलेल्या मुरुमांतून आणि खडकाच्या भेगांतून वाहतें. दोन विहिरींमधील अंतर थोडें असलें तरी एक भेगेवर व दुसरी अभंग खडकांत असूं शकते. मग पहिली दूषित व दुसरी निर्दोष निघते. अशा ठिकाणीं स्वच्छ निघालेल्या एका विहिरीवर विसंबणें धोक्याचें. विहिरी अधिक हव्यात, आणि भेगा कोठें आहेत याचा शोध आधीं घेतला पाहिजे.

याचप्रमाणें एका दिवसाच्या नमुन्यावरहि निकाल देतां येत नाहीं. म्हणून निदान वर्षभर, तीनतीन महिन्यांनीं, चारी ऋतूंत तीच विहीर पुन्हां पुन्हां तपासतात. आंकडे उतरत गेले तर जंतु आपलें काम करीत आहेत व गळती थांबली आहे असें मानण्यास आधार मिळतो. चढत गेले तर पट्टा अजून चालतो आहे. एकच आंकडा हें छायाचित्र आहे. आंकड्यांची ओळ हीच विहिरीची खरी कथा.

शहरांतील सामान्य कुटुंबाला निरीक्षण-विहीर खणावयाची नसते, हें खरें. पण गृहसंस्थेच्या बोअरच्या पाण्याचा अहवाल पुष्कळांच्या हातीं येतो. त्यावर ‘आढळलें नाहीं’ हे शब्द वाचून कागद घडी घालून ठेवण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्यात: काय काय शोधलें होतें, नमुना कोठून व कोणत्या दिवशीं घेतला, आणि यंत्राला किती कमी प्रमाण ओळखतां येत होतें. बेन्झीनचें नांवच ज्या यादींत नाहीं, त्या यादीनें बेन्झीन नाहीं असें कधींच सांगितलेलें नसतें. जमिनीखालचें पाणी आपण होऊन कांहीं बोलत नाहीं. त्याला विचारावें लागतें, आणि जेवढें विचारावें तेवढेंच तें सांगतें.